दादाची मूठ आणि थांबलेली तापी

बॅरेजचे गेट पडले की तापी थांबते. दरवर्षी पाऊस सरता सरता हे होतं. पावसाळाभर गढूळ होऊन धावणारी नदी अशी गप्प होते की पाण्यात पडलेलं पिंपळाचं पान तासभर तिथंच पडून राहतं. गावात सगळ्यांना बरं वाटतं. काठावरच्या पंपाच्या मोटारी पाण्याला लागतात, केळी-उसाची काळजी मिटते, बाया घाटावर गोधड्या धुवायला काढतात. मला मात्र थांबलेलं पाणी बघवत नाही. वाहणारं पाणी काय करणार ते निदान तोंडावर सांगतं.

मी स्वभावाने भित्रा आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. लोणखेड्याच्या कॉलेजात जन्मभर भूगोल शिकवला, जगातल्या नद्या फळ्यावर काढल्या, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. माझा मोठा भाऊ याच्या अगदी उलट. दादा गावातच राहिला, तापीकाठची शेती त्याने केली आणि पोहण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. लहानपणी तो पलीकडच्या काठावर उभा राहून मला चिडवायचा आणि मी अलीकडे त्याचे कपडे राखत बसायचो. तेव्हापासून आमची कामाची वाटणी ठरलेली आहे. तो पाण्यात, मी काठावर, आणि काळजी माझ्याकडे.

आज गेट पडून आठवडा होत आला आहे. पराग, दादाचा एकुलता एक मुलगा, दिवाळीला आला होता, तो आज परत निघाला. कॅनडात असतो. सकाळी सुरतेला जाणारी गाडी दारात येऊन उभी राहिली आणि मला काही सुचेना. कारण मागे एकदा असाच तो निघाला होता, अशीच गाडी दारात होती, आणि त्या दिवशी जे झालं ते आमच्या घरात अजून कुणी बोलून दाखवत नाही.

त्या वर्षी आषाढात दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय लवकर चालता झाला, बोलणं जरा जड झालं पण आलं. हात तेवढा राहिला. त्यातही विचित्र असं की मूठ मिटायची. चांगली घट्ट मिटायची, ग्लास धरायची, खाटेची कड धरायची. पण एकदा मिटली की उघडायची नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागे. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला. दादाने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी म्हशीच्या गोठ्यात भिरकावून दिला. "दाबता येस माले," म्हणाला, "सोडता येत नही. चेंडू काय शिकाडी?"

आम्ही गुजर, आमच्या घरात गुजरी बोलतात, गल्लीत अहिराणी, आणि दादाच्या तोंडात दोन्हींची खिचडी असते. इथं त्यातली अहिराणीच तेवढी लिहितो.

पोळा होऊन गेला आणि पराग आला. सोबत एक भली मोठी पिशवी. त्या पिशवीतून एक हवा भरायची निमुळती नाव निघाली. कायाक म्हणे. आणि मग एक लांब काठी निघाली, तीन तुकड्यांची, बोटाएवढी जाड आणि टोकाला उसाच्या तुऱ्यासारखी लवणारी. तिकडे सुट्टीच्या दिवशी तो असल्या नावेतून संथ नदीत जातो आणि बास नावाचा मासा धरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दादाची बायको, आमची भाभी, जेवण वाढत होती. तिचा हात तिथंच थांबला. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. अंडं आणलं तर गोठ्यात, तेही गुरांच्या औषधाला. आणि इथं गुजराचा पोरगा मासे धरतो म्हणे.

"खात नाही गं आई," पराग म्हणाला. "धरतो आणि सोडून देतो."

भाभीने वरण वाढलं आणि एवढंच म्हणाली, "मंग धरस कसाले?"

हा प्रश्न पुढे दीड-दोन महिने आमच्या घरात फिरत राहिला.

परागच्या डोक्यात काय होतं ते मला खळ्यात कळलं. त्याने काठी दादाच्या डाव्या हातात दिली आणि काठीच्या जाड, पिवळ्या दोरीचं सैल टोक उजव्या मुठीत. काठी मागे न्यायची, दोरी हवेत मागे जाऊन सरळ होऊ द्यायची, मग पुढे फेकायची, आणि नेमक्या क्षणी मूठ उघडून दोरी सोडायची. मूठ उघडली की दोरी सुळ्ळकन पुढे जाते. नाही उघडली तर सगळी तिथंच, नाकासमोर गुंतवळ होऊन पडते. म्हणजे आजारी हाताला एकच काम होतं, सोडायचं. पराग मागे उभा राहून सांगायचा, "थांब, थांब, जाऊ दे." दादा थांबायचा, थांबायचा, आणि दोरी नाकासमोर पडायची. खळ्यात वाळत घातलेल्या चवळीच्या शेंगांवर दिवसभर हा उद्योग. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून बघायचे. कुणी म्हणालं, पाटील वेडे झाले. दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मीच त्या माणसाशी भांडलो.

मग गेट पडले, नदी थांबली, आणि परागची रजा संपली. बापाला घेऊन तो मोजून काही सकाळी पाण्यावर गेला असेल. जायच्या दिवशी गाडी दारात होती. पराग पाया पडला, दादाने उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. धरलं ते धरलंच. ड्रायव्हरने गाडी चालू केली, शेजारपाजारचे उभे, पराग हसत होता, मग त्याचं हसू गेलं. दादाची मूठ उघडेना. दादा स्वतःच्या हाताकडे असा बघत होता जसा तो दुसऱ्याच कुणाचा आहे. शेवटी भाभी पुढे झाली आणि तिने एकेक बोट उलगडून मुलाला नवऱ्याच्या हातातून सोडवलं. परागच्या मनगटावर वळ उठले होते. गाडी गेली. दादा दोन दिवस तसाच ओट्यावर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लोणखेड्याहून गावात गेलो तर तो खळ्यात, परागने मागे ठेवलेल्या कायाकमध्ये पायपंपाने हवा भरत होता. मला म्हणाला, "पोऱ्याले मन्हा हातमाईन सोडावनं पडनं. तठेच मी मरी गऊ." जरा थांबून म्हणाला, "तो परत येई तव्हर मूठ उघडाले पाहिजे." त्याच्या तोंडून असं सरळ वाक्य मी आयुष्यात प्रथम ऐकत होतो. मला रडू आलं आणि ते लपवायला मी पंपावर पाय ठेवला.

अशी ती आश्विनातली सकाळ सुरू झाली आणि अशाच सकाळी पुढे होत राहिल्या. मी लोणखेड्याहून मोटरसायकलने यायचो तेव्हा काठावर धुकं असायचं, केळीच्या पानांवरून दव टपकत असायचं आणि कापसाच्या वेचणीला निघालेल्या बाया दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. अजूनही ओल्या केळीच्या पानाचा वास आला की मला ती दोरी हवेतून जाताना होणारा बारीक आवाज ऐकू येतो आणि मागोमाग भीती येते. दोन्ही एकत्रच बांधलेले आहेत.

दादा कायाकमध्ये बसायचा, वल्हं दोन्ही हातांत. उजवा हात वल्हं धरायचा, पण त्यात जोर नसायचा, म्हणून नाव डावा हात मारील तशी गोल फिरायची. फिरत फिरतच तो बुडालेल्या बाभळींपर्यंत जायचा. बॅरेज झालं तेव्हा काठची जी झाडं पाण्यात गेली त्यांचे सांगाडे अजून उभे आहेत. मरळ मासळी तिथं असते. मरळीला श्वास घ्यायला वर यावं लागतं. पाण्यावर एक गोल उमटतो, तिथं दोरी टाकायची. दादा तिथं पोचला की डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सोडवून वल्हं मांडीवर घ्यायचा, मग दोरी त्या मुठीत ठेवायचा, मग काठी उचलायचा. एवढं होईपर्यंत मरळ श्वास घेऊन खाली गेलेली असायची. शिव्या मात्र तो मलाच द्यायचा.

कारण मी नाडा धरून असायचो. बैलाचा नाडा. कायाकच्या मागच्या कडीला मी तो बांधला होता आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. दादाला या गोष्टीचा भयंकर राग. "मी काय बैल शे का?" म्हणायचा. मी म्हणायचो, बैल ऐकतो तरी.

सुकलाल भोई आपली जाळी काढायला त्याच वेळेला लाकडी डोंगी घेऊन निघायचा. आम्ही दोघे भाऊ त्याची रोजची करमणूक. दादाने पहिली मरळ काढली तेव्हा तिला हात कुणी लावायचा हा प्रश्न आला. दादाला धरवेना, मला बघवेना. सुकलालने डोंगी शेजारी आणून गळ काढला आणि मासा हातात घेऊन विचारलं, "घर लई जासू मी?" दादाने मान हलवली. पाण्यात सोडायला सांगितलं. सुकलालने मासा सोडला आणि म्हणाला, "धरीसन सोडी देतस, मंग धरतस कसाले?" भाभीचाच प्रश्न. दादा म्हणाला, "सोडानीच तर शिकवणी चालू शे." सुकलाल इतका हसला की डोंगी डचमळली.

भाभीला वास यायचा. खळ्यातल्या नळावर अंघोळ केल्याशिवाय तिने त्या महिन्यात दादाला उंबरा ओलांडू दिला नाही. काठी घरात येत नव्हती, ती कडब्याच्या गंजीवर. पण त्या काठीच्या दोरीला मासा फसवायला गळावर जी खोटी माशी बांधावी लागते, ती रोज बाभळीत अडकून तुटायची. परागने दिलेल्या संपल्या. दादाने पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधलेले गोंडे कापले आणि त्या केशरी लोकरीची माशी करायचा प्रयत्न केला. एका हाताने गाठ कशी बसणार? एके दुपारी मी गेलो तर भाभी ओट्यावर बसलेली, दोऱ्याचं एक टोक दातांत, मांडीवर गोंडा, आणि बोटांत नखाएवढी माशी, दिसायला केशरी बेडूक. मला पाहून तिने ते पदराखाली घेतलं. मग परत काढलं. "पाप तुम्हना भाऊनं," म्हणाली. "मी तं फक्त दोरा बांधस." तिची माशी परागच्या माशीपेक्षा जास्त टिकायची.

मूठ कधी कधी अर्धी उघडायची. म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट. दोरी थोडी सुटायची, मग अडकायची. दादा त्यावर खूश नव्हता. संध्याकाळी पराग व्हिडिओ कॉल करायचा आणि दादा उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा, दिसू नये म्हणून. पराग विचारायचा नाही. तोही कमी नाही.

आणि मग ती सकाळ. आमच्याकडे पाऊस नव्हता, पण वर, सातपुड्याच्या अंगाला, आदल्या दिवसापासून आभाळ काळं होतं. रात्री विजा चमकत होत्या. मी दादाला म्हटलं, आज नको. त्याने ऐकलं असतं तर तो दादा कसला. परागने दिलेलं, पाण्यात बुडू न देणारं केशरी जाकीट मात्र घातलं, भाभीने पट्टे स्वतः बांधले. आम्ही काठावर गेलो. मी नाडा कडीला बांधला, गाठ दोनदा तपासली आणि थर्मासमधून चहा ओतायला वळलो. वळून बघतो तर नाडा चिखलात पडलेला आणि दादा बाभळींच्या निम्म्या वाटेवर. डाव्या हाताने त्याने गाठ सोडली होती. गाठी सोडण्यात तो आता पटाईत झाला होता.

मी ओरडलो. त्याने मागे बघितलंसुद्धा नाही.

बाभळीजवळ मोठा गोल उमटला. दादाने दोरी टाकली, जेमतेम सुटली, आणि पाणी एकदम फुटलं. काठी वाकून कोयत्यासारखी झाली. अशी मरळ मी तोवर पाहिली नव्हती. ती कायाकला ओढत नेत होती आणि दादा हसत होता. लकवा मारल्यापासून मी त्याला मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून क्षणभर मीही सगळं विसरलो.

तेवढ्यात भोंगा वाजला.

बॅरेजचा भोंगा खालच्या गावांसाठी असतो, आमचं गाव गेटच्या वरच्या अंगाला, पण आम्हाला त्याचा अर्थ चांगला माहीत आहे. वरून पाणी आलेलं आहे आणि गेट उचलताहेत. आमच्या बाजूला पाणी वाढत नाही. आमच्या बाजूला पाणी चालू लागतं, आणि चालतं ते गेटकडे. आधी मला घाटावरचा फेस सरकताना दिसला. मग जलपर्णीचा एक ताटवा. मग कायाक.

"दादा, काठी टाक," मी ओरडलो. "टाक ती काठी, वल्हं घे." माझा आवाज फाटला होता. दादाने वल्ह्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. काठी परागची होती. त्याने ती सोडली नाही. कायाक आडवी झाली आणि शेवटच्या बाभळीकडे जाऊ लागली. त्या बाभळीच्या पुढे काही नव्हतं, सरळ पाणी, आणि पाण्याच्या शेवटी गेट.

डाव्या हातात काठी. म्हणून त्याने उजवा हात काढला आणि बाभळीची फांदी धरली.

मूठ मिटली. पाण्याने कायाकचं बूड फिरवलं, दादा ताणला गेला, पण मूठ सुटली नाही. सुटायचं तिला माहीतच नव्हतं. जिला तो महिनाभर शिव्या देत होता ती मूठ त्याला धरून होती आणि मी काठावर हात जोडून उभा होतो, कुणाला ते मला आजही सांगता येणार नाही.

सुकलाल डोंगी काठाकाठाने घेऊन आला. "बठा, मास्तर," म्हणाला. आयुष्यात प्रथम मी त्या नदीत डोंगीत बसलो आणि तेव्हा भीती वाटली की नाही हे मला आठवत नाही. आम्ही बाभळीपाशी गेलो. सुकलालने एका पायाने फांदीला टेका दिला आणि कायाकची कडी धरली. मी दादाच्या मुठीला हात घातला. काटे तळव्यात घुसले होते, मनगटावरून रक्त ओघळत होतं. मी एक बोट सोडवलं, ते परत मिटलं. डोंगी ओढली जात होती. सुकलाल हळू आवाजात म्हणाला, "लवकर." तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सरक," दादा म्हणाला. "तू सोडावू नको."

त्याने काठी माझ्याकडे दिली. मग आपल्या मुठीकडे बघत राहिला. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. वाकून ऐकलं तर परागचे शब्द होते. "थांब. थांब." पाणी कायाकच्या बुडाखालून गुरगुरत होतं. "जाऊ दे."

अंगठा उघडला. मग पहिलं बोट, मग दुसरं, आणि मग उरलेली दोन एकदम. फांदी वर उसळली आणि दादा डोंगीत माझ्या अंगावर पडला. आम्ही काठाला लागलो तेव्हा काठी माझ्याच हातात होती, दोरी मागे लोंबत होती आणि टोकाला भाभीचं केशरी बेडूक. मरळ केव्हा गेली ते कुणाला कळलं नाही.

भाभीने दुपारभर सुईने काटे काढले. एकेक काटा निघाला की दादा म्हणायचा, दुखस. पुन्हा पुन्हा म्हणायचा. मला आधी वाटलं तक्रार करतोय. त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं की आषाढापासून बधिर असलेल्या हाताला पुन्हा दुखतंय, हे तो आनंदाने सांगतोय. त्या दिवशी काठी प्रथमच घरात आली आणि भाभीने ती स्वतः दाराआड उभी केली. त्यानंतर मूठ रोज थोडी थोडी उघडत गेली. कधी हट्ट धरते, थंडीत जास्त, पण उघडते. परागला आम्ही त्या सकाळचं काही सांगितलं नाही. मी सांगणार होतो, दादाने दटावलं. तो म्हणाला, येईल तेव्हा बघेल.

पण नोकरी, कागदपत्रं, तिकडचं लग्न, यात पराग लवकर आलाच नाही. आला तो आता. पंधरा दिवस घरात होता, सुनेला तापी दाखवली, बापलेक एकदा कायाकमधून फिरूनही आले. मूठ उघडते का, हे परागने विचारलं नाही आणि दादाने दाखवलं नाही. दोघेही त्या दिवसाच्या आजूबाजूने चालत राहिले.

आज सकाळी गाडी दारात उभी राहिली. सून आत बसली. पराग पाया पडला आणि उभा राहिला, आणि दादाने उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. तोच हात, तेच मनगट. ड्रायव्हरने गाडी चालू केली. दादा सोडेना. पराग हसत होता, मग त्याचं हसू गेलं. मी भाभीकडे बघितलं, तिचा हात पदराबाहेर आला होता. ती एक पाऊल पुढे झाली.

"थांब," दादा तिला म्हणाला.

त्याने मूठ उघडली. पाचही बोटं, सरळ, सगळ्यांसमोर. तळव्यावर काट्यांचे पांढरे वण दिसत होते. परागने ते बघितलं, मग बापाकडे बघितलं.

मग दादाने ते मनगट पुन्हा धरलं. म्हणाला, "तव्हय मूठ अडकेल व्हती. आते मी धरेल शे."

ड्रायव्हरने गाडी बंद केली.